चोवीस तासांत रीफ टँक तयार होत नाही

मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर रीफ टँकबद्दल, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, एक संदेश सारखा फिरतो आहे. त्याचा सारांश असा: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या नवख्यालाही रीफ टँक ठेवता येतो. दोन फुटांची टाकी घ्या, कारण लहान टाकी सांभाळायला सोपी. समुद्रावरून चार कॅन पाणी, थोडी वाळू आणि प्रवाळाचे दोन-तीन दगड आणा. पाण्यात बॅक्टेरियाची बाटली ओता आणि दुसऱ्या दिवशी निमोची, म्हणजे क्लाउनफिशची, जोडी व तिला घर म्हणून एक अ‍ॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) सोडा. पाणी उडून कमी झालं की समुद्राचं किंवा घरच्या आरओचं पाणी भरा. आणि हे सगळं गोड्या पाण्याच्या टाकीच्या खर्चात.

त्यातली एक गोष्ट मला मान्य आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या नवख्या माणसाला रीफ टँक नक्की ठेवता येतो. बाकीचं मात्र जवळजवळ सगळं चूक आहे आणि त्या चुकांचे परिणाम मुके प्राणी भोगतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी चोवीस तासांचं बोलू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. समुद्रात तो पसरून जातो, टाकीत साचतो. दगडावर आणि वाळूवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. एका पेशीच्या दोन व्हायला या जिवाणूंना कित्येक तास, कधी कधी पूर्ण दिवस लागतो. त्यामुळे कोऱ्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. गोड्या पाण्यात मासे पाळलेल्यांची इथे हमखास फसगत होते. तिथे पीएच ७ च्या आसपास असला तर बहुतेक अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या जवळ असतो आणि तिथे विषारी रूपाचं प्रमाण दहापटीहून जास्त वाढतं. गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा सोसून नेतो, तेवढ्याच अमोनियाने खाऱ्या पाण्यातल्या माशाचे कल्ले भाजतात.

बाटलीतले जिवाणू निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. चांगली, ताजी, थंड जागी ठेवलेली बाटली असेल तर हा काळ बराच कमी होतो. पण तो कमी झाला की नाही, हे लेबलावरून कळत नाही, टेस्ट किटवरूनच कळतं. मासा न घालता टाकीत अमोनियम क्लोराइड घाला. ते मिळालं नाही, तर बाजारातून आणलेली एक कच्ची कोलंबी जाळीच्या पिशवीत घालून कुजू द्या. घरात थोडा वास येईल, पण काम होतं. अमोनिया आधी चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही उतरतील. त्यानंतर कोलंबी काढून अमोनिया मुद्दाम २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी माशासाठी तयार झाली. पाण्याचा मोठा हिस्सा बदला आणि मग पहिला मासा आणा. मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर धरेल. तो डायटम शेवाळाचा असतो आणि आपोआप जातो. त्याला घाबरून सगळी टाकी धुऊन काढली, तर पुन्हा पहिल्या दिवसावर याल.

याच मुद्द्याला जोडून सल्ला येतो, की निळा डॅमसेल मासा चिवट असतो, आधी तो सोडून बघा. चिवट असला तरी त्यालाही कल्ले आहेत. शिवाय तो जगला की सगळी टाकी आपल्या मालकीची समजतो, नंतर आलेल्या माशांना मारतो आणि दगडांतून त्याला पकडायचं तर सगळी रचना उपसावी लागते.

आता पाण्याबद्दल. वरळी आणि वांद्र्याच्या आउटफॉलमधून मुंबईचं सांडपाणी समुद्रात जातं. बंदरांजवळ डिझेलचा तवंग असतो आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारेपणा घसरतो. लक्षद्वीपमध्ये राहणाऱ्याने दाराशी असलेलं पाणी वापरलं तर मी काही म्हणणार नाही, पण जुहू-दादरचं पाणी प्रवाळांसाठी नाही. रीफसाठी मिळणारं सॉल्ट मिक्स शुद्ध पाण्यात विरघळवा. १०० लिटरला साधारण साडेतीन-पावणेचार किलो लागतं. (स्वयंपाकाच्या किंवा खड्याच्या मिठात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणात नसते, तो विचार सोडून द्या.) खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६ हवा. तो रिफ्रॅक्टोमीटरने मोजा आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने तपासून घ्या.

घरच्या आरओचा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो, पण धोका तिथेही आहे. आपले घरगुती प्युरिफायर चवीसाठी पाण्यात क्षार मुद्दाम परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य येत नाही. अलीकडे तर तांब्याचा अंश सोडणारी मॉडेलं जोरात विकली जातात. माणसासाठी त्याचं काय व्हायचं ते होवो, कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. मीठ मिसळण्याआधी टीडीएस मीटर शून्य दाखवेल असं आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या युनिटचं) पाणी हवं. हे युनिट महाग वाटलं, तरी प्रवाळासाठीच्या दिव्याआधी ते घ्या.

उडालेल्या पाण्याच्या जागी समुद्राचं पाणी भरण्याचा सल्ला तर साध्या हिशेबातच चुकतो. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. दोन फुटांच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता ४० लिटर पाणी धरा. चार दिवसांत चार लिटर उडालं, की खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातो. त्यावर खारं पाणी भरलंत तर तो ३८.५ वर अडकतो आणि पुढच्या आठवड्यात आणखी चढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं शुद्ध पाणीच भरायचं, तेही रोज. लहान टाकी सोपी, हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. २०० लिटरच्या टाकीतून तेच चार लिटर उडालं तर खारेपणा ३५.७ वर जातो. लहान टाकीत प्रत्येक चूक पटकन मोठी होते. जागा आणि खिसा परवानगी देत असेल तर १०० लिटरच्या वर जा.

संदेशात उन्हाळ्याचा उल्लेखच नाही, आणि महाराष्ट्रात बसून लिहिलेल्या सल्ल्यात ही उणीव मला फार खटकते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नाचा मोठा भाग तेच बनवतं. पाणी तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या रीफवर हेच घडलं. मे महिन्यात बंद फ्लॅटमधल्या टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं. हवं असतं ते २४ ते २७. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत तेवढेही उतरतील याची खात्री नाही, आणि पाणी जास्त उडतं ते वेगळंच. चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च आधीच धरा. लोडशेडिंगच्या गावात निदान वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर पाणी हलायचं थांबून प्राणवायू संपतो.

आणि किनाऱ्यावरून प्रवाळ उचलण्याचा सल्ला. हा तर सरळ गुन्हा करायला सांगणं आहे. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. मेलेला, वाळलेला तुकडाही यातून सुटत नाही. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली-वरळीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवायच्या होत्या, तेव्हा मुंबई महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ थोडा आहे आणि तो गढूळ पाण्यात, भरती-ओहोटी सोसत हळूहळू वाढला आहे. तो दगड घरी आणला, तर त्याच्या भोकांतले किडे आणि स्पंज मरून टाकीतला अमोनियाच वाढवतात. ड्राय रॉक (जिवंत प्राणी नसलेला, कोरडा सच्छिद्र दगड) किंवा सिरॅमिकचे दगड वापरा. त्यांवर जिवाणू तितक्याच चांगल्या रीतीने वाढतात. दुकानातून प्रवाळ घेतानाही तो कुठून आला हे विचारा आणि कागद मागा. उत्तर टाळलं तर रिकाम्या हाताने परत या.

निमो आणि अ‍ॅनिमोनीची जोडी पडद्यावर सुंदर दिसते. पण क्लाउनफिशला टाकीत अ‍ॅनिमोनीची गरज नसते, ती त्याला समुद्रात शिकारी माशांपासून वाचायला लागते. अ‍ॅनिमोनीला मात्र तीव्र प्रकाश आणि अनेक महिने स्थिरावलेलं पाणी हवं. ते मिळालं नाही की ती जागा शोधत सरकते, पंपात ओढली जाते आणि मरताना सगळ्या टाकीचं पाणी नासवते. पहिल्या वर्षी तिचा विचारच नको. (निमोसोबत निळी डोरी, म्हणजे ब्लू टँग मासा, आणू पाहणाऱ्यांसाठी: ती फूटभर वाढते.)

खर्चाचं थोडक्यात. लहान टाकीत दर आठवड्याला पाणी बदललं तर प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) नसला तरी चालतं, एवढी काटकसर खरी. पण दिवा, आरओ-डीआय, चिलर, टेस्ट किट हे धरल्यावर काचेची टाकी ही सगळ्यात स्वस्त वस्तू ठरते. १०० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला १० लिटर पाणी बदललं, तर महिन्याला दीड किलोच्या आसपास मीठ लागतं. हा खर्च कायमचा असतो.

टाकी तयार झाली, की आधी शेवाळ खाणाऱ्या दोन-तीन गोगलगायी सोडा. पंधरा दिवसांनी टाकीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी आणा. क्लाउनफिशची पैदास आता भारतात होते, नवी मुंबईत ऐरोलीलाही. दोन लहान, पण एकमेकांहून कमी-जास्त आकाराची पिल्लं घ्या. सगळी नर म्हणूनच जन्मतात, मोठं असेल ते पुढे मादी होतं आणि भांडण टळतं. मग दोन-तीन महिने खारेपणा, तापमान आणि नायट्रेट एका जागी राहतात का ते वहीत लिहीत चला. राहिले, तर पहिला प्रवाळ म्हणून मशरूम कोरलचा एक तुकडा आणा.