सही जुळत नाही!

बँकेत काचेपलीकडून "सही जुळत नाही" असं ऐकू आलं की माणूस आधी कागदाकडे बघतो, मग स्वतःच्या हाताकडे. बिचाऱ्या हाताचा यात काही दोष नाही, असं माझं ठाम मत आहे. एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या येतच नाहीत. पेन, कागदाखालचं टेबल, घाई, वय, दुखरं मनगट, सगळं सहीत उतरतं. त्यात फॉर्मवरचा चौकोन असा, की नाव मावलं तर खालचा फराटा बाहेर. एरवी ऐसपैस पसरणारी सही तिथे अंग चोरून बसते आणि अनोळखी ठरते.

बरं, हुबेहूब आली तर? तर जास्तच पंचाईत. अमेरिकेत सिल्विया हाउलंड यांच्या मृत्युपत्राचा खटला १८६८ साली गाजला. पुरवणीवरची सही मूळ सहीवर नको इतकी चपखल बसते, हाच आक्षेप! गणितज्ञ बेंजामिन पर्स यांच्या देखरेखीखाली ४२ सह्यांच्या ८६१ जोड्या लावल्या गेल्या, प्रत्येक सहीतले खाली येणारे ३० फटकारे ताडून पाहिले गेले, आणि इतका मेळ योगायोगाने बसणं जवळजवळ अशक्य, असा हिशेब कोर्टात मांडला गेला. निकाल मात्र लागला दुसऱ्याच कायदेशीर मुद्द्यावर.

जाणकार सहीच्या आकारापेक्षा तिची चाल बघतात. गिरवणारा जपून जातो, म्हणून रेघ थरथरते, दाब सगळीकडे सारखा पडतो, भलत्याच जागी पेन उचललेलं दिसतं, शेवट बोथट होतो. अस्सल सहीचं शेपूट निमुळतं होतं, कारण पेन धावता धावताच कागद सोडतं. काही जण कागद उलटा धरतात, म्हणजे नाव न वाचता नुसत्या रेघा दिसतात.

आता गंमत बघा. सही एकदा परत आली की सज्जन माणूस घाबरतो आणि जुनी सही आठवून आठवून, एकेक वळण सांभाळत, सावकाश काढतो. म्हणजे स्वतःचीच सही गिरवतो, आणि वरची सगळी लक्षणं त्याच्या अस्सल सहीत हजर! तेव्हा नमुन्याकडे बघू नका. हात टेबलावर टेका, खाली दोन-चार कागद घ्या, पेन सवयीचं धरा आणि नेहमीच्या वेगाने सही ठोकून मोकळे व्हा.

सही तपासणाऱ्या यंत्राचंही तेच. सही करायचं चांगलं पॅड पेनचा वेग, दाब आणि क्रम टिपतं, त्यासाठी आधी अनेक नमुने घेतं. निकष कडक केला तर खरे अडकतात, सैल केला तर खोटे सुटतात. बोटाने काचेवर ओढलेल्या रेघोटीचं नुसतं चित्र साठवणारी यंत्रं वेगळीच. तिथे गांडूळ काढलं तरी स्वीकारतात.

सही खरोखरच बदलली असेल, तर नवा नमुना नोंदवावा. त्या फॉर्मवर बहुधा दोन चौकोन असतात: एक नव्या सहीचा, एक जुन्या सहीचा. जुनी आधी ताडून बघतात. जुळली, तरच नवी घेतात.