केळशी, आंजर्ले, वेळास आणि तिथली बंद घरं

सुट्ट्या जवळ आल्या की मला मेसेज यायला लागतात, कोकणातलं सगळ्यात सुंदर गाव कुठलं सांग ना, दोन दिवस जाऊन यायचंय. माझं उत्तर ठरलेलं आहे, दापोलीच्या पुढे आंजर्ले, तिथून आडे मागे टाकून केळशी, आणि भारजेच्या खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यातलं वेळास. पण दोन दिवसांत पळत पळत तिन्ही करू नका, एकच गाव धरा आणि तिथे कुणाच्या तरी घरात राहा असंही मी दरवेळी सांगते, ते का सांगते ते आज जरा सविस्तर लिहिते.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सगळ्यांना माहितीये. उजव्या सोंडेची मूर्ती, वरून दिसणारा सुवर्णदुर्ग, खाली माडांची गर्दी. गाडी थेट वर जाते म्हणून बहुतेक लोक गाडीनेच जातात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात खाली. माझं म्हणणं, गावातून पायी चढा. जांभ्या दगडाच्या पाखाड्या म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, दोन्ही बाजूला गडगे म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती, गडग्यांवर पावसाळ्यात शेवाळं आणि नेचे, मधेच कुणाच्या तरी परसातून येणारा चुलीचा वास, तुळशीवृंदावन, वाळत घातलेली सुपारी, आणि "कोणाकडे आलात" असं विचारणारी एखादी आजी. कोकणातलं गाव असं चालताना कळतं. गाव सुंदर करणारी प्रत्येक गोष्ट कुणीतरी हाताने केलेली आणि हाताने टिकवलेली आहे. गडग्याचा दगड निसटला तर तो कुणीतरी परत रचतं. वैशाखात कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून शाकारणी होते तेव्हा कुठे आषाढात घर गळत नाही. आगरात, म्हणजे घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या बागेत, पाट साफ केला नाही तर पाणी शेवटच्या पोफळीपर्यंत पोचत नाही. आपण ज्याला निसर्ग निसर्ग म्हणतो ना, ती नारळ-पोफळीची हिरवी सावली, त्यात जायफळ, माडावर चढलेली मिरवेल, खाली केळी, ही सगळी कुणाच्या तरी पिढ्यांची शेती आहे.

हे सगळ्यात जास्त दिसलं ते 3 जून 2020 ला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. त्यानंतर तिथे गेलेल्यांना विचारा, घरं लांबून दिसायला लागली होती. एरवी आगरात शिरल्याशिवाय घर दिसत नाही, तिथे नुसतं उघडं आकाश. लॉकडाऊन चालू, पाऊस तोंडावर, कौलं मिळेनात, माणसं मिळेनात, मग मिळेल तो पत्रा छपरावर टाकला लोकांनी. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, माड तर आणखी सावकाश. म्हणजे तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे उत्पन्नाला येतायत. त्या बागा परत उभ्या केल्या त्या तिथे राहणाऱ्यांनी, आपण फक्त "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणून दुसरा बीच शोधला. हे मला फार लागतं.

वेळासबद्दल मला मनापासून आदर आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ते पूर्वी माहीत असायचं, आता कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभरेक अंडी घालून जातात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरायची आणि माणसंही पळवायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखायला सुरुवात केली, अंडी कुंपणात हलवायची, दीड-दोन महिने सांभाळायची आणि पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडायची. त्याभोवती कासव महोत्सव उभा राहिला. गावाने काय केलं, मोठमोठी हॉटेलं बांधण्याऐवजी आपापली घरं उघडली. ओटीवर गाद्या, पंगतीत जेवण, कुळथाचं पिठलं, गरम भाकरी, सोलकढी, नशीब असेल तर ओल्या काजूची उसळ आणि उकडीचे मोदक. पैसा घराघरात गेला, म्हणून घरं उघडी राहिली. पिल्लं कधी निघतील हे कुणाच्या हातात नाही, जाण्याआधी फोन करून विचारा, आणि नाही दिसली तर यजमानांवर चिडू नका. फ्लॅश मारून फोटो काढणाऱ्यांना तर तिथल्या तिथे थांबवा, लाजू नका.

आणि केळशी. भेट द्यायला वेळास, पण राहायला केळशी, हे माझं पक्कं मत आहे. महालक्ष्मीचं देऊळ आणि आवारातलं तळं, चैत्रातला उत्सव आणि रथ, टेकडीवर याकूबबाबांचा दर्गा, किनाऱ्याजवळ ती प्रसिद्ध वाळूची टेकडी (डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथे खोदून पाहिलं आणि ही वाळू सुनामीने आली असावी असं मांडलं, गावात चहाच्या दुकानातसुद्धा यावर चर्चा होते). पण मला ओढ आहे ती तिथल्या रोजच्या दिवसाची. शिमग्यात पालखी घरोघरी येते, तेव्हा मुंबईचे चाकरमानी आलेले असतात आणि गल्ल्या भरून जातात. पालखी गेली की पुन्हा निम्म्या घरांना कुलपं.

या कुलपांबद्दलच मला बोलायचंय. सुंदर गावात राहायचंय म्हणणारे खूप भेटतात मला, आणि त्यातले बहुतेक लगेच कातळावरचे प्लॉट बघायला लागतात. डोंगर कापून सपाट केलेला, पाणी टँकरचं, वर्षातून चार वेळा उघडणारा बंगला. आणि खाली गावात, विहीर, आगर, ओटी, माजघर सगळं असलेली चांगली घरं वाळवी खात पडलीत. का पडलीत? सातबारावर पंधरा-वीस नावं, कुणी ठाण्यात, कुणी पुण्यात, कुणी अमेरिकेत, शाकारणीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही, पोफळीवर चढणारा गडी मिळत नाही. भाऊबंदकीच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, पण सगळ्यांचीच आठवण त्या घरात अडकलेली असते म्हणून विकवतही नाही.

मग विकू नका ना. भाड्याने द्या! अकरा महिन्यांचा करार करा, भाडं कमी घ्या आणि शाकारणी-दुरुस्ती राहणाऱ्यावर टाका. शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, भाड्याने राहायला तो लागत नाही. घरात चूल पेटती राहिली, दिवा लागला, पाटाला पाणी सुटलं तर घर टिकतं, हे कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. अडचणी आहेत हे मलाही दिसतं. पावसात लाईट दोन-दोन दिवस जाते, मोठं दुखणं आलं तर दापोली गाठावी लागते, रेंजचा भरवसा नाही, शाळेत जाणारी मुलं असतील तर दहादा विचार करा. पण ज्यांचं काम लॅपटॉपवर चालतं किंवा जे रिटायर झालेत आणि पाय धड आहेत, त्यांनी एक पावसाळा तरी काढून बघावा, मेमधल्या गर्दीवर गावाची परीक्षा करू नये.

मी स्वतः हे करणार आहे. केळशी-आंजर्ल्याकडचं कुणी हे वाचत असेल आणि तुमचं घर बंद असेल तर मेसेज करा. शाकारणीपासून शिमग्यापर्यंत राहीन, छपराचा खर्च माझा, आगर शिंपायचं काम शिकेन, आणि पालखी आली की घर उघडं असेल, तुमच्या सगळ्या भावंडांनी हक्काने यायचं.