होकार कोणाचा धरायचा?

3 ऑगस्टचा भारतीय अवयवदान दिन जवळ आला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मागणी फिरू लागते: इंग्लंडसारखा कायदा आपल्याकडेही आणा. म्हणजे जिवंतपणी कोणी नकार नोंदवला नसेल, तर मृत्यूनंतर त्याचा अवयवदानाला होकार आहे असं धरायचं. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण माझी बायको त्याच इंग्लंडात किडनीच्या प्रतीक्षायादीवर आहे, आणि हा कायदा असूनही आमचे दिवस कसे जातात ते त्या ग्रुपवर कोणी विचारत नाही.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. ती संध्याकाळ झोपेत जाते. मधल्या दिवशी ती कामावर जाते, घरचं उरकते, कोणाशी तरी भांडते, म्हणजे बहुधा माझ्याशीच. ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) आहे त्या हाताने जड काही उचलायचं नाही, त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, झोपेत तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही. पाणी मोजून प्यायचं आणि गोळ्याही त्याच पाण्यात बसवायच्या. मी तिचे घोट मोजायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, नर्स मला तिकडे पुष्कळ आहेत. तू आपला नवराच राहा." तेव्हापासून हिशेब तिचा, दुकानातल्या पिशव्या माझ्या.

फोन दोघांच्या मधोमध असतो. अनोळखी नंबर आला की तो उचलायचाच, त्यामुळे विमा विकणाऱ्यांचे फोन आमच्याइतक्या आशेने कोणी घेत नसेल. एकदा खरंच बोलावणं आलं. रात्रीच निघालो, तपासण्या झाल्या, आणि ती किडनी तिच्यासाठी योग्य नाही असं कळून परत आलो. दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होतीच. भारतात जायचं म्हटलं तर आणखी एक पेच: तिकडे डायलिसिस घेऊन परतल्यावर रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंच्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत यादीवरचं नाव तात्पुरतं स्थगित होऊ शकतं. म्हणून लग्नकार्यं आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहतो.

आता त्या कायद्याकडे येतो. इंग्लंडात तो 20 मे 2020 पासून लागू आहे, वेल्समध्ये त्याआधीच, 2015 पासून. पण प्रत्यक्षात आजही अतिदक्षता विभागात एक प्रशिक्षित नर्स कुटुंबासोबत बसते आणि विचारते. घरचे ठाम नाही म्हणाले तर कायद्यावर बोट ठेवून कोणी अवयव काढून घेत नाही. कायदा आल्यावर कुटुंबांच्या होकाराचं प्रमाण वाढायचं सोडून उलट थोडं घसरलं. स्पेनचं उदाहरण सगळे देतात. तिथे असा कायदा 1979 पासून आहे, पण आकडे चढले ते 1989 मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिल्यावर आणि रुग्णालयांमध्ये समन्वयक नेमल्यावर. त्यातही इथल्या आपल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये नकार जास्त. रक्तगट आणि ऊती जुळायच्या तर आपल्यासारखेच दाते हवेत, त्यामुळे आपल्या रुग्णांची प्रतीक्षा लांबते. स्नेहसंमेलनात कायद्याचं कौतुक करणारे आपलेच, आणि आयसीयूबाहेर नाही म्हणणारेही आपलेच.

आणि भारतातला खरा प्रश्न तर या कायद्याच्या कक्षेतही येत नाही. 2023 साली देशात 18 हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली, मृत दाते मात्र 1,100च्या आसपास. बाकी बहुतेक अवयव जिवंत माणसांनी दिले. त्या देणाऱ्यांत स्त्रिया जास्त: आया, पत्नी, बहिणी. घेणाऱ्यांत पुरुष जास्त. नकार नोंदवला नाही म्हणजे होकार, हा कायदा बाईच्या बाबतीत आपल्या घरांत केव्हाचा लागू आहे.

आमच्याच घरचं सांगतो. माझा रक्तगट बी, तिचा ओ. रक्तगट ओलांडूनही प्रत्यारोपण होऊ शकतं, पण तिच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीज) डॉक्टरांनी तो रस्ता बंद केला. म्हणून आम्ही अदलाबदलीच्या योजनेत आहोत: माझी किडनी दुसऱ्या कोणाला, त्यांच्या माणसाची हिला. दर तीन महिन्यांनी जोड्या जुळवून पाहतात. अशी अदलाबदल भारतातही अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या 2011च्या दुरुस्तीपासून कायदेशीर आहे. मी किडनी देणार हे कळल्यावर तिकडून काळजीचे फोन मला आले: तुझी नोकरी आहे, तुझं कसं होणार? लगेच पुढचं वाक्य, तिची धाकटी बहीण आहे ना! त्या बहिणीलाही नोकरी आहे, शिवाय लहान मुलं. भावाचं नाव कोणी काढलं नाही. मी त्याचा रक्तगट विचारला, तर तो कोणालाच ठाऊक नव्हता.

इथे किडनी देण्याआधी शस्त्रक्रियेच्या चमूबाहेरचा एक स्वतंत्र मूल्यमापक दात्याला एकट्याला भेटतो, रुग्णाला वेगळं भेटतो, मग दोघांना एकत्र. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का, हे बायको खोलीत नसताना विचारलं जातं. मला हा भाग त्या गाजलेल्या कायद्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. गंमत म्हणजे याचं बीज आपल्याकडे आहेच. भारतातल्या अवयव प्रत्यारोपणाच्या 2014च्या नियमांत लिहिलंय की दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. इंग्लंडचा कायदा मागणाऱ्यांनी आधी हा आपला नियम मागावा. ती पडताळणी कोण करतं, किती वेळ करतं, आणि तेव्हा सासरचं कोणी दारात उभं असतं का, हे एकेका रुग्णालयाला विचारावं. आणि बहिणीला फोन लावण्याआधी भावाची रक्ततपासणी करून घ्यावी.