चूक दोघांची, म्हणून भरपाई शून्य?

पुण्यातल्या नवले पुलाजवळ गाड्या धडकल्या की बघ्यांचा निकाल तयार: ‘दोघांचीही चूक, दावा कसला करताय!’ अहो, चूक वाटली जाते, हक्क उडत नाही. भरपाई 10 लाख ठरली आणि तुमची चूक 30 टक्के निघाली, तर 7 लाख मिळतात. मागे बसलेल्याच्या माथी तर चालकाची चूक मारताच येत नाही. तो दोन्हींपैकी कुठल्याही वाहनाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ट्रिपल सीट होते म्हणून कपात? त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितलंय. पण आपण फोटो न काढताच गाड्या बाजूला घेणार, पंचनाम्यात धडकेची जागा, टायरच्या खुणा आल्यात का हेही बघणार नाही. मग विमा कंपनीचा वकील म्हणेल तेवढे टक्के!