बॅटमॅन ५५ वर्षांचा आहे, हे विसरून कसं चालेल?

'द डार्क नाइट रिटर्न्स' या बॅटमॅनच्या कॉमिकचा विषय निघाला की चर्चा हमखास दोन गोष्टींवर येऊन थांबते. बॅटमॅनने सुपरमॅनला कसा धुतला आणि कॉमिक किती डार्क आहे. परवा मित्रांबरोबर पुन्हा तेच झालं. मनातलं सगळं तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवटासकट सगळं उघड केलंय.

माझं म्हणणं एवढंच की ही वय झालेल्या माणसाची गोष्ट आहे. त्यातलं वय काढून घेतलं तर अंधार, पाऊस आणि मारामारी उरते, आणि ती गेल्या चाळीस वर्षांत ढिगाने आली आहे.

डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाने १९८६ मध्ये चार अंकांत हे काढलं. लेखन आणि चित्रं फ्रँक मिलरची, इंकिंगला (पेन्सिलच्या रेषांवर शाई चढवायला) क्लाउस जॅन्सन, रंग लिन व्हार्लीचे. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, ५५ वर्षांचा आहे, बॅटमॅनचं काम सोडून त्याला १० वर्षं झालीत, मिशी ठेवलीय, दारू वाढलीय. पोलीस कमिशनर गॉर्डन सत्तरीला टेकलेत. रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा जोडीदार, झालेला जेसन टॉड आधीच मेलाय, त्याचा पोशाख गुहेत काचेमागे आहे. (मुख्य मालिकेत जेसनला मारायचं की जगवायचं हे १९८८ मध्ये वाचकांनी फोनवरून मत देऊन ठरवलं, ५,३४३ विरुद्ध ५,२७१. मिलरने त्याला दोन वर्षं आधीच मारून ठेवलं होतं!)

पहिल्या रात्री पावसात बाहेर पडल्यावर ब्रूस मनाशी म्हणतो की आपण पुन्हा तिशीचे, विशीचे झालोत. फॅन लोक या पानाच्या प्रेमात आहेत, मीही आहे. पण पुढची पानं त्याला खोटं पाडतात. म्युटंट टोळीच्या म्होरक्याशी पहिली गाठ पडते तेव्हा तो रणगाड्यासारख्या बॅटमोबिलमध्ये सुरक्षित बसलेला असतो. आतूनच काम संपवता आलं असतं. तरी तो खाली उतरतो, कारण या पोराला आपण अजून हरवू शकतो का हे त्याला बघायचं असतं. आणि मार खातो. असातसा नाही, जीव जायची वेळ येते.

दुसरी लढत चिखलात होते. आता त्याने जागा निवडलीय, वेळ निवडलीय, टोळीतली पोरं बघायला जमतील याची तजवीज केलीय. चिखलात त्या दांडग्या पोराचा वेग जातो, आणि मग म्हातारा घाई न करता एकेक दुखरी जागा हेरून त्याला निकामी करतो. हा चिखलाचा खड्डा नाही, ऑपरेशन टेबल आहे आणि मी सर्जन, हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण ते वाक्य फेकायच्या आधी त्याने आपण म्हातारे झालोय हे कबूल केलेलं असतं, हे कुणी बोलत नाही. माझ्या मते अख्ख्या कॉमिकमधलं सगळ्यात मोठं धाडस ते आहे.

म्हणूनच २०१२-१३ मध्ये या कॉमिकवर दोन भागांत आलेला ॲनिमेशनपट मला अपुरा वाटला. बॅटमॅनला दिलेला पीटर वेलरचा आवाज चोख आहे, मारामाऱ्या दणक्यात आहेत, पण ब्रूसच्या मनातलं बोलणं काढून टाकलंय. मग धाप, दुखणं, स्वतःवरचा राग, सगळंच गेलं. २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ने तर लढतीतलं चिलखत तेवढं उचललं.

आता कॅरी केली. १३ वर्षांची पोर. खाऊचे पैसे घालून रॉबिनचा पोशाख विकत घेते आणि थेट छपरांवर चढते. आईबाप चौकटीत दिसतच नाहीत, नुसते नशेतले आवाज. आपल्याला एक मुलगी आहे याचंही त्यांना भान नाही. पहिल्या लढतीत म्होरक्याच्या अंगावर झेप घेऊन बॅटमॅनला वाचवते ती हीच. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचून वाढलेल्यांना ठाऊक आहे, तिथे मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून वेताळ कधी म्हातारा दिसत नाही. ब्रूसकडे ती सोय नाही. त्याला वारस मिळते ती रक्ताच्या नात्याबाहेरची, न बोलावता आलेली. कॅरीला 'साइडकिक' म्हणून दोन ओळींत उरकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सुपरमॅनची लढतही याच नजरेने बघा ना. क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावर चालतो, आणि ते राष्ट्राध्यक्ष रेगनच आहेत हे चेहऱ्यावरून कळतं. दोघे जुने दोस्त, एक सरकारी नोकरीत रुळलेला, दुसरा कुणाचंच न ऐकणारा. हाणामारीपेक्षा मला त्यानंतरचं, मेल्याचं सोंग केलेल्या ब्रूसच्या अंत्यविधीचं पान मोठं वाटतं. सुपरमॅनला थडग्यातून हृदयाचा ठोका ऐकू येतो, तो कॅरीकडे बघून डोळा मिचकावतो आणि निघून जातो. ब्रूसच्या बाजूने तो याहून जास्त काही करूच शकत नव्हता, आणि तेवढं मात्र त्याने केलं.

या कॉमिकवर झुंडशाहीचं समर्थन केल्याचा आरोप होतो. तो मी झटकणार नाही. गुन्हेगारांची बाजू घेणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर वोल्परसारखं पात्र आजही एकांगी वाटतं. पण हरलेल्या टोळीतली पोरं 'सन्स ऑफ द बॅटमॅन' होऊन त्याच्या नावावर काय काय करतात, तेही मिलरने दाखवलंय. शेवटी त्यांना आवरायची, शिकवायची जबाबदारी ब्रूसवरच येते.

वाचणार असाल तर टीव्हीच्या छोट्या चौकटी गाळू नका, अर्धी गोष्ट तिथे घडते. आणि कृपा करून फोनवर वाचू नका. एकेका पानावर सोळा चौकटींची मांडणी आहे, लहानग्या ब्रूससमोर आईबापांचा खून होतो आणि आईच्या गळ्यातले मोती तुटतात तो प्रसंग तर अशाच बारीक चौकटींतून उलगडतो. फोनवर एकेक चौकट मोठी करत बसलात तर त्याची लयच हाती लागणार नाही. छापील प्रत मिळवा, नाहीतर कुणाकडून तरी मागून आणा.