८० टक्के लेट-ऑफ आणि ७०० स्पाइनचा बाण : एका फॉरवर्डला उत्तर

मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या आधी काही आठवडे आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर धनुष्य-बाणांविषयीचे सल्ले फिरू लागतात. यंदा कंपाउंड, म्हणजे टोकांना कॅम नावाच्या फिरत्या चकत्या असलेल्या, धनुष्यासाठी बाण कसा निवडावा याविषयीचा एक लांबलचक संदेश हातोहात पुढे गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लेट-ऑफमुळे, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार उतरतो त्यामुळे, बाणावर फारच कमी जोर येतो, म्हणून नरम आणि स्वस्त बाण पुरतो, स्पाइनचा, म्हणजे बाणाच्या काडीच्या लवचिकतेचा, आकडा मोठा तेवढा बाण ताठ, बाण कापू नये, लांबच ठेवावा, कंपाउंडमध्ये बाण वाकतच नाही, त्यामुळे टोकाचे वजन पाहण्याचे कारण नाही, आणि सरावाच्या टोकाने २० यार्डांवर नेम बसला की धनुष्य शिकारीला तयार. माझ्या भाच्याने हे वाचून ६० पौंडांच्या, म्हणजे ओढताना कमाल तेवढा जोर लागणाऱ्या, धनुष्यासाठी ७०० स्पाइनचे डझनभर बाण मागवले आणि नंतर मला विचारले, ‘मामा, बरोबर आहेत ना?’ ते बरोबर नव्हते. ते धोकादायक होते, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहावे लागते आहे.

पहिला मुद्दा सर्वांत चुकीचा आणि सर्वांत घातक आहे. संदेशात म्हटले आहे की ६० पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात १२ पौंडच उरतात, म्हणजे बाणालाही १२ पौंडांचाच धक्का बसतो, आणि तेवढ्याला ७०० किंवा ८०० स्पाइन भरपूर झाला. यातला पहिला भाग खरा आहे. पूर्ण ओढलेल्या स्थितीत रिलीजवर, म्हणजे दोरी धरून सोडणाऱ्या खटक्यावर, १२ पौंडच असतात, आणि त्यामुळेच हरिण झाडाआडून बाहेर येईपर्यंत नेम धरून थांबता येते. पण हे १२ पौंड ओढीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरचे आहेत. त्याआधी त्याच हातांनी ६० पौंडांचा चढ पार केलेला असतो आणि ते सगळे श्रम धनुष्याच्या पात्यांत साठलेले असतात. रिलीज सुटला की कॅम उलटे फिरतात, ओढताना जोर ज्या क्रमाने लागला त्याच्या उलट क्रमाने तो दोरीवर येतो, आणि पहिल्या काही इंचांतच १२ पौंडांचे ६० होतात. बाण तेव्हा दोरीवरच असतो आणि तो सगळा जोर त्यालाच सोसावा लागतो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. असे धनुष्य ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा, बाण सेकंदाला साधारण २६० फूट वेगाने सोडते. त्या बाणाची गतिज ऊर्जा ६० फूट-पौंड भरते. दोरी बाणाला साधारण २१ इंच, म्हणजे पावणेदोन फूट, ढकलते. ६० ला १.७५ ने भागले की सरासरी जोर ३४ पौंडांच्या वर निघतो. ही सरासरी आहे, कमाल नव्हे. बाणाला सबंध अंतरभर १२ पौंडांचाच धक्का मिळाला असता तर हीच ऊर्जा २१ फूट-पौंडांवर थांबली असती आणि बाण सेकंदाला १५५ फूटही गेला नसता. जे धनुष्य आपण वेगासाठी विकत घेतो त्याचा वेगच या दाव्याला खोटे ठरवतो.

आता परिणाम पाहा. ७०० स्पाइनची काडी हलक्या, तीसेक पौंडांच्या धनुष्यांसाठी असते, आणि असली धनुष्ये बहुधा मुलांच्या हातात असतात. ती ६० पौंडांच्या दोरीवर चढवली की सुटताना प्रमाणाबाहेर वाकते. ती बाजूला जाते ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. वाईट गोष्ट ही की कार्बनची काडी, विशेषतः तिला आधीच बारीक चीर गेलेली असेल तर, सुटतानाच फुटू शकते, आणि तिचे अणकुचीदार तुकडे धनुष्य धरलेल्या हाताच्या पंजात किंवा मनगटात घुसतात. म्हणूनच प्रत्येक फेकीपूर्वी काडी वाकवून, फिरवून तपासा, असे बाण बनवणारे बजावून सांगतात. अशा वस्तूबद्दल ‘नरम चालतो’ असे बिनदिक्कत लिहून शेकडो लोकांना पाठवणे मला अक्षम्य वाटते.

ईस्टन ही बाण बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी आहे आणि तिचे निवड-कोष्टक कोणालाही फुकट पाहता येते. त्यात कंपाउंडच्या रकान्यात ओढीचे कमाल वजन विचारलेले असते, हातात उरणारे वजन नव्हे. त्याशिवाय बाणाची लांबी, टोकाचे वजन आणि धनुष्याचा वेग हेही विचारलेले असते. ६० पौंड, २८ इंचांचा बाण आणि १०० ग्रेनचे टोक असेल तर बहुतेक कोष्टके ४०० स्पाइनच्या आसपास आणून सोडतात. संदेशातले निम्मे मुद्दे हे एक पान उघडले असते तर लिहिलेच गेले नसते.

हा संदेश आता महाराष्ट्रातल्या गटांतही पोचल्याचे दिसते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिथे हे धनुष्य लक्ष्यावरच चालते. पण २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाल्यापासून कंपाउंडकडे वळू पाहणारी मुले-मुली तिथे पुष्कळ आहेत. स्पर्धेच्या नियमांत कंपाउंडला ६० पौंडांपर्यंत मुभा आहे. म्हणजे लक्ष्य कागदाचे असले तरी हाताला असलेला धोका तोच आहे, आणि तो एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाताला आहे.

आकडा मोठा तेवढा बाण ताठ, हे तर सरळ उलटे आहे. २८ इंचांवर दोन टेकू देऊन काडी आडवी ठेवायची, मधोमध १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम, वजन टांगायचे आणि ती किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचे, हे प्रमाणित माप आहे. ४०० ची काडी ०.४०० इंच वाकते आणि ७०० ची ०.७०० इंच. जास्त वाकते ती नरम. यावर अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

लांबीच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे. बाण इतका आखूड कापू नये की पूर्ण ओढल्यावर त्याचे पुढचे टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकवतात त्या आधाराच्या, मागे घसरेल, कारण तसा बाण सुटला तर तोही हातातच शिरतो. पण म्हणून काडी दुकानातून येईल तशी लांबच ठेवावी हा सल्ला चुकीचा आहे. काडीचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २८ इंचांऐवजी ३० इंच ठेवले तर ते सुमारे २३ टक्क्यांनी वाढते आणि ३२ इंच ठेवले तर जवळजवळ दीडपट होते. म्हणजे ४०० ची काडी न कापता वापरली तर ढोबळ हिशेबाने ती ६०० च्या काडीसारखी वागू लागते, आणि योग्य आकडा विकत घेऊनही चुकीचा बाण हाती येतो.

कंपाउंडमध्ये बाण वाकत नाही, हेही अर्धेच खरे. रिकर्व्हवर, म्हणजे कॅम नसलेल्या, टोके पुढे वळलेल्या धनुष्यावर, दोरी बोटांवरून निसटताना बाजूला सरकते आणि बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालून जातो. कंपाउंडवर यांत्रिक रिलीज असतो, बाण जवळपास मध्यरेषेतून जातो, आणि त्यामुळे हा आडवा वळसा खूपच कमी होतो. रिकर्व्हच्या मानाने कंपाउंड थोडी चूक पदरात घेते, हे मान्य करावे लागते. पण मागून दोरी ढकलते आणि पुढचे जड टोक जागचे हलायला वेळ घेते, म्हणून मधली काडी वाकतेच. टोक १०० ग्रेनऐवजी १२५ किंवा १५० ग्रेनचे केले की ती आणखी वाकते. टोकाचे वजन कोष्टकात उगाच विचारलेले नाही.

शेवटचा मुद्दा हरणाशी संबंधित आहे आणि तो मला पहिल्याइतकाच खुपतो. सरावाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते. बाण थोडा वाकडा उडाला तरी मागची पिसे त्याला सरळ करून घेतात आणि २० यार्डांवर सगळे ठीक दिसते. शिकारीसाठी लावतात त्या स्थिर पात्यांच्या ब्रॉडहेड टोकाला मात्र पुढे स्वतःची धारदार पाती असतात. बाण डळमळत निघाला की ही पाती वारा धरतात आणि पुढचे टोक मागच्या पिसांशी झगडू लागते. जो बाण लक्ष्यावर मधोमध बसत होता तोच मग हरणाच्या फुप्फुसाऐवजी पोटात किंवा मांडीत लागतो. पोटात बाण लागलेले हरिण तासन्‌तास तडफडते आणि पुष्कळदा सापडतही नाही. एवढी वेदना केवळ न तपासलेल्या बाणामुळे व्हावी, हे मला कोणत्याही अर्थाने समर्थनीय वाटत नाही.

म्हणून हंगामापूर्वी त्याच वजनाचे सरावाचे टोक आणि ब्रॉडहेड दोन्ही ३० यार्डांवरून मारून पाहावेत. दोन्ही एकाच जागी बसले तर स्पाइन आणि रेस्टची जुळणी ठीक आहे. ब्रॉडहेड सतत एकाच बाजूला जात असतील तर आधी रेस्ट अगदी थोडा सरकवून पाहावा, आणि तरीही फरक राहिला तर काडी बदलावी. कोष्टकात आपण दोन आकड्यांच्या सीमेवर येत असलो तर शिकारीच्या धनुष्यासाठी ताठ काडी घ्यावी, म्हणजे उद्या टोक थोडे जड लावले किंवा धनुष्याच्या ओढीचे वजन दोन-चार पौंडांनी वाढवले तरी तोच बाण चालेल.