दलाली म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

डिप्रेशनच्या गोळ्या आणि सिनॅप्स, म्हणजे मेंदूतल्या पेशींमधले जोड, यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘उंदरांचे प्रयोग दाखवून औषध कंपन्यांची दलाली बंद करा. सेरोटोनिनचा सिद्धांत 2022 मध्येच निकालात निघाला. गोळ्या सोडताना होणाऱ्या त्रासावर एक अक्षर नाही.’

मतभेद असू द्या. पण ज्याला कधी पाहिलं नाही त्याला टोपणनावाआडून दलाल म्हणायचं? वडिलांपासून पंचवटीत आमचं मेडिकल. एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, दिलेलं पेनसुद्धा मी कधी घरी नेलं नाही. काउंटरवर जे वारंवार दिसलं ते सांगतो. डिप्रेशनच्या गोळ्या नेलेला माणूस आठ-दहा दिवसांत उरलेली स्ट्रिप परत करायला यायचा. ‘फरक काही नाही, नुसती मळमळ.’ माझा सख्खा धाकटा भाऊ त्यातलाच. ‘घेत राहा’ असं त्याला सांगितलं होतं. का घ्यायच्या, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं मध्येच सोडल्या आणि घरानं पुढचं वर्ष कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. मी लिहितो ते यासाठी. आणि आपण कंपन्यांचं नाव घेता!

आता उंदीर. फ्लुओक्सेटिनसारखी डिप्रेशनची गोळी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं पेशीत परत शोषलं जाणं काही तासांतच अडवते, पण मन सावरायला आठवडे जातात. मधल्या काळात मेंदूत काय घडतं? जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहता येत नाही, म्हणून उंदीर. 2010 मध्ये येल विद्यापीठात रोनाल्ड डूमन यांच्या गटाला केटामाइन (भुलीचं औषध, नैराश्यावरही वापरतात) दिलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात दिवसभरातच सिनॅप्स वाढलेले दिसले. 2021 मध्ये हेलसिंकीच्या एरो कास्त्रेन यांच्या गटानं दाखवलं की फ्लुओक्सेटिन, इमिप्रामिन आणि केटामाइन ही तिन्ही वेगळ्या जातीची औषधं ट्रकबी या एकाच ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरला, थेट चिकटतात. सिनॅप्सची वाढ आणि डागडुजी करणारं बीडीएनएफ हे प्रथिन काम करतं ते याच ग्राहीमार्फत.

आणि माणसांवर काहीच नाही, असंही नाही. 2023 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी 32 जणांना 3 ते 5 आठवडे एसिटालोप्राम (फ्लुओक्सेटिनच्याच जातीचं औषध) किंवा बिनऔषधाची गोळी देऊन मेंदूचे पेट (PET) स्कॅन केले. एसिटालोप्राम घेणाऱ्यांत जितके जास्त दिवस झाले होते, तितकी सिनॅप्सची घनता जास्त दिसली. हे सगळे निरोगी स्वयंसेवक होते, रुग्ण नव्हेत, ही गोष्ट लेखात वरच यायला हवी होती. तेवढं मान्य.

2022 चा, लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रीफ यांचा, आधीच्या अभ्यासांचा आढावा मीही वाचलाय. नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावा नाही, असं तो म्हणतो. मी तरी कुठे तसं लिहिलं होतं? राहिला गोळ्या सोडण्याचा त्रास. तो वेगळा विषय आहे. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या, हे मेडिकलमधला पोऱ्यासुद्धा सांगेल.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण पुन्हा ही भाषा वापरलीत तर उत्तर मिळणार नाही. एखादा अभ्यास घेऊन या, मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीन.